पुनर्विकास कुणाचा, विस्थापन कुणाचं?



मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत आमच्या बचत गटाची बैठक चालू होती. विषय होता थकलेल्या मेंटेनन्सचा. लिफ्ट बंद, पाण्याचा पंप बंद, सोसायटीच्या नोटिसा दारावर चिकटवलेल्या. पैसे कुठून आणायचे यावर बोलता बोलता एक मावशी मला म्हणाली, "ताई, तुम्ही गिरणगावातल्या ना? आमची झोपडी तिकडंच होती, रुळाच्या कडेला. आता तिकडं लई सुधारलंय म्हणतात. मग तुमच्या माणसांचं तरी बरं झालं असेल."

मला पटकन उत्तर देता आलं नाही. माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. लग्नानंतर चेंबूरला आले आणि गेली वीस-बावीस वर्षं मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांत बायकांबरोबर काम करते आहे. म्हणजे या शहराची दोन्ही टोकं मी रोजच्या व्यवहारातून ओळखते. तिकडे टॉवर आणि मॉल, इकडे कचऱ्याचा डोंगर आणि एकमेकींना चिकटलेल्या इमारती. वर्तमानपत्रांत या दोन वेगळ्या बातम्या असतात. तिकडची 'कायापालट' म्हणून, इकडची 'दुरवस्था' म्हणून. मावशीला जे उत्तर मी द्यायला हवं होतं ते इथे लिहिते आहे. या दोन बातम्या एकच आहेत, आणि त्या बातमीत बाईचं काम आणि बाईचं नाव कुठेच नाही.

आमच्या खोलीतली खाणावळ

माझे वडील एका गिरणीत साच्यावर होते. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहाजणं. शिवाय आईकडे चौदा गडी जेवायला. कोकणातले, साताऱ्याकडचे, घाटावरचे. बायकामुलं गावाला, हे इथे गाळ्यात दाटीवाटीनं राहणारे. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी आईच्या भाकरी तयार असायच्या, आणि दुसरी पाळी सुटल्यावर रात्री उशिरा ती शेवटची ताटं घासायची. महिन्याच्या महिन्याला गडी पैसे देत, त्यावर आमची शाळा चाले. पण कुणी विचारलं की तुझी आई काय करते, तर आम्ही सांगायचो, "काही नाही, घरीच असते."

गिरण्यांचा इतिहास सांगताना पुरुष कामगार डोळ्यांसमोर येतो. पण १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. रिळिंग, वाइंडिंग ही बायकांची खाती होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला, रात्रपाळीला बायकांना बंदी होती, पुढे यंत्रं बदलली आणि 'रॅशनलायझेशन' आलं. मालकांना बाई महाग वाटू लागली. संरक्षणाचा खर्च नको म्हणून बाईच नको, असा तो हिशेब. पुरुषांच्या युनियनांनीही यावर फारसं रान उठवलं नाही. गिरणीतून बाहेर पडलेली बाई घरात बसली नाही. तिनं खाणावळ चालवली, भाजी विकली, मासळी विकली, गोधड्या शिवल्या. गिरणी चालू राहण्यासाठी लागणारा कामगार जेवूनखाऊन, धुतल्या कपड्यांत रोज भोंग्याला हजर होत होता, तो तिच्या जिवावर.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिना गेला, दोन गेले, गडी गावाला गेले. "बाई, संप मिटला की देतो," असं म्हणून गेलेले कितीतरी परत आलेच नाहीत. आईच्या वहीत त्यांची नावं आणि उधारी तशीच राहिली. तिची पितळेची भांडी मारवाड्याकडे गहाण पडली. संपकऱ्यांची यादी झाली, त्यांच्या देण्यांसाठी पुढे वर्षानुवर्षं लढे झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण खाणावळवाल्यांची यादी कुणी केली? प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणून 'खाणावळवाली हीसुद्धा कामगार आहे' हे निदान कुठेतरी नोंदलं गेलं. शासनाच्या दप्तरात मात्र ती कामगाराची बायको किंवा विधवाच राहिली.

जमिनीचं काय झालं

गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. हा नियम काही क्रांतिकारक नव्हता. पण त्यात बागा होत्या, घरं होती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया समितीनं या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला. तो फायलीतच राहिला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची झाली. गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळी शेड आणि गोदामं! मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. एका शब्दाच्या बदलानं हजारो घरांची आणि बागांची जमीन हातातून गेली. त्या वर्षांत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्याही लिलावात शेकडो कोटींना विकल्या जात होत्या.

गिरणी कामगारांना काय मिळालं? २०१२ मध्ये म्हाडाची सोडत निघाली. घरं ६,९२५, अर्ज दीड लाखाच्या आसपास. घर २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. ज्यांना लागलं त्यांचा आनंद मी पाहिला आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ज्या जमिनीवर त्यांनी हयात घालवली, तिथलंच घर त्यांना लॉटरीत लागावं, हा न्याय नव्हे.

लोअर परळमध्ये रोज हजारो लोक कचेऱ्यांत कामाला येऊ लागले, पण रेल्वेचे पूल जुन्या काळाचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. मॉलच्या पार्किंगला जागा होती, पायी चालणाऱ्यांच्या जिन्याला नव्हती.

आईची सही

२००४ मध्ये आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला. सत्तर टक्के भाडेकरूंची संमती हवी होती. भाडेकरू म्हणजे ज्याच्या नावावर भाडेपावती तो. पावती वडिलांच्या नावावर होती, ते गेल्यावर थोरल्या भावाच्या नावावर झाली. आई त्या खोलीत पंचेचाळीस वर्षं राहिली, तिथेच तिची बाळंतपणं झाली, तिथेच तिनं पिढ्यान्‌पिढ्या गडी जेवू घातले. संमतीपत्रावर सही झाली ती भावाची. मी बिल्डरच्या कचेरीत जाऊन विचारलं, "आईला काही विचारणार की नाही?" तिथला माणूस हसून म्हणाला, "बाई, घरातलं तुम्ही घरात बघा."

खरं सांगायचं तर घरातही कुणी विचारलं नव्हतं. भाऊ वाईट नाही. पण त्यालाही वाटलं नाही की आईची संमती ही वेगळी गोष्ट असते.

नवं घर मिळालं सोळाव्या मजल्यावर. मोरीऐवजी बाथरूम, घरात संडास, चोवीस तास पाणी. आईला त्याचं फार सुख वाटलं. चाळीच्या टोकाला रात्रीबेरात्री टमरेल घेऊन जायचे दिवस तिनं काढले होते. पण तोवर ती चार घरांना पोळीभाजी देत होती, पापड-कुरडया करून विकत होती. गॅलरीत वाळवण घालायची, शेजारणीची पोर राखण करायची. सोळाव्या मजल्यावर वाळवणाला जागा नाही, गिऱ्हाईक वर यायला वॉचमनची परवानगी, आणि दारं बंद. सत्तराव्या वर्षी आईचं उत्पन्न बंद झालं आणि ती पहिल्यांदाच खर्चासाठी मुलापुढे हात पसरू लागली. विकासाच्या हिशेबात मात्र आमचं कुटुंब 'लाभार्थी' म्हणून नोंदलं गेलं.

आणि इकडे मानखुर्द

आमच्यावर हे आलं तरी आम्ही पावतीवाले होतो. ज्यांच्याकडे पावतीच नव्हती, त्या रुळाकडेच्या, नाल्याकडेच्या, पाइपलाइनवरच्या वस्त्या उचलून 'एम-पूर्व' विभागात आणि त्याच्या शेजारी टाकल्या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, वाशी नाका, माहूल. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा येतो आहे. कत्तलखाना इथेच, जैविक कचरा जाळायची भट्टी इथेच. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात हा विभाग सगळ्या शहरात तळाला होता. जिथे आधीच काही नव्हतं तिथेच पुन्हा माणसं आणून ओतली.

इथल्या कितीतरी इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. पुरुष कामाला बाहेर पडतो, मुलं गल्लीत खेळतात. त्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत दिवसभर कोण असतं? बाई. डॉक्टरांनी आणि संशोधकांनी या वसाहतींचा अभ्यास करून उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवून दिला आहे. आमच्या गटातल्या बायकांना तो अहवाल वाचायची गरज पडली नाही. कुणाच्या घरी क्षयाच्या गोळ्या चालू आहेत हे त्यांना मजल्यावरून सांगता येतं.

माहूलची गोष्ट तर उघड अन्यायाची. रिफायनऱ्यांच्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी इमारती. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये तिथल्या हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे असं म्हटलं, आणि त्यानंतरही तानसा पाइपलाइनवरची घरं पाडून कुटुंबं तिथेच पाठवली. २०१८ मध्ये माहूलचे लोक विद्याविहारला रस्त्यावर ठाण मांडून बसले, त्यात बायका पुढे होत्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं लोकांना सक्तीनं माहूलला पाठवू नका आणि दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडं द्या, असा आदेश दिला. बायका रस्त्यावर बसल्या म्हणून तो प्रश्न कोर्टाच्या आणि शहराच्या डोळ्यांसमोर राहिला.

एकाच नियमाची दोन टोकं

आता मुद्द्याचं. मानखुर्दच्या या इमारती ज्या बिल्डरांनी बांधल्या त्यांना मोबदला म्हणून अनेकदा टीडीआर मिळाला. टीडीआर म्हणजे, इथे गरिबांसाठी बांधकाम केलं की दुसरीकडे नियमापेक्षा जादा मजले चढवायचा हक्क. तो विकताही येतो. मानखुर्दला जमीन स्वस्त, म्हणून माणसं इथे दाटीनं कोंबायची, आणि त्या बदल्यात मिळालेला हक्क पश्चिम उपनगरांत, जिथे फूट न् फूट सोन्याच्या भावानं जातो, तिथे वापरायचा. मावशीची रुळाकडेची झोपडी कुणाच्या तरी चार जादा मजल्यांच्या कामी आली. म्हणून मी म्हणते, एका भागाची श्रीमंती आणि दुसऱ्याची गरिबी शेजारी शेजारी योगायोगानं उभी नाही. एकीच्या उंचीचं भांडवल दुसरीच्या दाटीतून निघालेलं आहे.

"पण पक्कं घर तर मिळालं ना?" हा प्रश्न आपल्यातल्या अनेक जणी विचारतात, आणि तो खोटा नाही. घरात संडास असणं ही बाईसाठी किती मोठी गोष्ट आहे हे मला कुणी सांगायला नको. मुंबईत मुतारीच्या हक्कासाठी २०११ पासून 'राइट टू पी' मोहीम चालवावी लागली, आणि त्यात याच गोवंडी-मानखुर्दच्या कार्यकर्त्या होत्या. चाळीचं गोडवे गाणारे लेख मला खपत नाहीत. तिथे सासुरवास होता, जात होती, नवऱ्याची मारहाण भिंतीपलीकडे ऐकू येऊनही गप्प बसणं होतं.

पण पक्कं घर आणि पोटापाण्याचं काम यांत निवड करायला लावणं, हा कुठला विकास? दादर-परळला चार घरची धुणीभांडी करणारी बाई मानखुर्दला आल्यावर पहाटेची गाडी धरते. मुलं कुणावर सोडायची म्हणून मोठ्या मुलीची शाळा सुटते. जिचं काम सुटतं तिचं घरातलं वजन जातं, आणि नवऱ्याचा हात उठायला लागतो. आमच्याकडे मारहाणीची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना मी विचारते, "हे कधीपासून?" कितीतरी जणी सांगतात, "इकडं राहायला आल्यापासून." ही आकडेवारी नव्हे, माझा अनुभव आहे. पण तो वारंवार येतो.

आणि ज्या ठिकाणी राहत होते त्याच ठिकाणी चांगलं घर देणं अशक्य नव्हतं. बीडीडी चाळींचं उदाहरण समोर आहे. १६० फुटांच्या खोलीत राहणाऱ्यांना त्याच जागी ५०० फुटांचं घर. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या दिल्या गेल्या. त्यांच्याही अडचणी असतील, पण त्यांना शहराबाहेर फेकलं नाही. मग मावशीलाच का?

पुढचा नंबर

हे सगळं जुनं झालं असं कुणी समजू नये. धारावीत मोजणी झाली आहे. तळमजल्यावर १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्याला धारावीतच ३५० फुटांचं घर, त्यानंतरच्यांना आणि वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना धारावीबाहेर. धारावीत वरच्या मजल्यावर, पोटमाळ्यावर भाड्यानं कोण राहतं? शिवणकाम करणारी, पापड लाटणारी, मणी ओवणारी बाई. नवऱ्यानं टाकलेली, एकटी, अलीकडे आलेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं धारावीच्या पुनर्वसनासाठी जागा मंजूर केली ती कुठली? देवनारच्या कचराभूमीची, सव्वाशे एकरांच्या आसपास. म्हणजे पुन्हा आमच्याच दारात.

गिरणी कामगारांसाठी २०२४ मध्ये निर्णय झाला तो शेलू आणि वांगणीला ८१,००० घरांचा. बदलापूरच्याही पुढे. जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आणि वारस आझाद मैदानावर जमले आणि मुंबईतच घर हवं म्हणाले. त्या गर्दीत पांढऱ्या केसांच्या बायका किती होत्या! त्यातल्या बऱ्याच जणी 'वारस' होत्या. गिरणीला त्यांनी दिलेल्या स्वतःच्या श्रमांवर त्यांचा कसलाही दावा मान्य नाही. दावा फक्त मेलेल्या नवऱ्याच्या नावानं.

आपण चळवळीतल्या बायका

थोडं आपल्याबद्दलही. हुंडा, बलात्कार, मारहाण, यांवर आपण लढलो. पण वस्ती तुटते तेव्हा आपण ते 'घरहक्कवाल्यांचं' काम समजतो, आणि ते लोक बायकांचे प्रश्न 'महिला संघटनांचे' समजतात. मधल्या फटीत बाई पडते. १९७०च्या दशकात महागाईविरुद्ध लाटणं घेऊन बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा तेल-रॉकेल हा बायकांचा प्रश्न आहे का, असं आपण विचारलं नव्हतं. मग चटईक्षेत्र हा शब्द ऐकला की आपण वही का मिटतो?

माझ्या मते, किमान एवढं तरी आपण मागितलं पाहिजे.

वस्तीची किंवा चाळीची मोजणी होईल तेव्हा कुटुंबप्रमुखाबरोबर घरातल्या प्रत्येक सज्ञान बाईचं नाव आणि ती त्या घरातून करत असलेलं काम नोंदलं जावं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करायची तरतूद आहे. तशीच दोघांच्या संमतीची अट चाळींना आणि सगळ्याच योजनांना लागू व्हावी. विधवा, परित्यक्ता, एकट्या मुली यांचा हक्क पुरुषाच्या पावतीवर लटकता कामा नये.

नवं घर जुन्या जागी, नाहीतर चालत किंवा एका बसनं जाता येईल इतक्या अंतरात. पोचण्याआधी तिथे रेशन दुकान, अंगणवाडी, शाळा आणि दवाखाना सुरू झालेला असावा. तीन मीटरच्या फटीतली घरं बंद व्हावीत. प्रत्येक इमारतीत तळमजल्यावर बायकांच्या कामासाठी सामायिक जागा असावी, वाळवणाची, शिवणाची, खाणावळीची. आणि लिफ्ट-पंपाचा खर्च ज्याच्या नफ्यातून ही योजना उभी राहिली त्यानं काही वर्षं तरी उचलावा.

यावर मतभेद असतील. घर फक्त बाईच्या नावावर असावं, असं काही मैत्रिणींचं म्हणणं आहे. काहींना वाटतं, आधी मिळेल ते घर घ्यावं आणि मग भांडावं. बोलू या. मुंबईपुरतंच नाही, पुण्यात, नागपुरात, जिथे जिथे मोजणीवाले वही घेऊन फिरताहेत तिथल्या गटांनी त्यांच्याआधी एकदा आपली वही घेऊन फिरावं. प्रत्येक दारात तीन गोष्टी विचाराव्यात. पावती कुणाच्या नावावर? या घरातून तू काय कमावतेस? आणि इथून उठवलं तर ते काम कुठे जाईल? आलेली उत्तरं मोजणीच्या कचेरीत नेऊन द्यावीत, पोच घ्यावी, आणि एक प्रत आपल्या या अंकासाठी पाठवावी.

पुढच्या बैठकीत मी मावशीला सांगणार आहे की आमच्या माणसांचंही बरं झालं नाही. आणि तिच्या घरापासून आमची पहिली वही सुरू करणार आहे.